लहान मेंदूतील रक्तवाहिन्यांची गाठ : सुई टोचण्याआधी काय काय पाहायचे?

जिंतूर तालुक्यातील एका शिक्षकांनी आपल्या धाकट्या भावाचे कागद पाठवून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाचे वय ३४. दोन महिन्यांपासून पहाटे डोके उठते, उलटी झाली की मोकळे वाटते आणि चालताना डावीकडे झोक जातो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लहान मेंदूच्या डाव्या भागात चार सेंटिमीटरची द्रवाची पिशवी आणि तिच्या कडेला कॉन्ट्रास्टने (शिरेतून दिलेल्या औषधाने) उजळणारी नऊ मिलिमीटरची गाठ लिहिली आहे. एका डॉक्टरांना ती टीबीची गाठ वाटली, दुसऱ्यांना जंताची, तिसऱ्यांनी ‘हिमॅन्जिओब्लास्टोमा?’ (म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची गाठ) एवढे लिहून मोठ्या ठिकाणी जायला सांगितले. तिघांची तीन मते का, आणि खात्रीसाठी आधी सुईने तुकडा काढून तपासावा का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे की वडील बावन्नाव्या वर्षी किडनीच्या गाठीने गेले आणि आत्याचा एक डोळा तरुणपणीच गेला होता.

गुरुजी, पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आपण सर्वांत शेवटी, जाता जाता लिहिली आहे. वडिलांची किडनी आणि आत्याचा डोळा या दोन गोष्टी वाचल्यावर मी भावाची फिल्म पुन्हा उजेडासमोर धरली आणि पहिल्यापेक्षा वेगळ्या नजरेने पाहिली. मी गेली २२ वर्षे मराठवाड्यात मेंदू आणि मज्जारज्जूच्या शस्त्रक्रिया करतो. या अनुभवावरून सांगतो की रक्तवाहिन्यांपासून होणाऱ्या या दुर्मीळ गाठींचे निदान एका फिल्मवर होत नाही. फिल्म, रुग्णाचे उरलेले शरीर आणि रुग्णाचे घर या तिन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. त्यातली तिसरी गोष्ट आपल्याकडे बहुधा कुणी विचारतच नाही.

आधी फिल्मविषयी. आपल्या भावाच्या मेंदूत दिसणारी मोठी पिशवी हा मुख्य आजार नाही. मुख्य आजार आहे तो तिच्या कडेला बसलेला, हरभऱ्याएवढा उजळ ठिपका. ही गाठ केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्याने बनलेली असते, त्या वाहिन्यांतून सतत द्रव पाझरतो आणि तो साठून पिशवी तयार होते. गाठ लहान आणि पिशवी तिच्या अनेक पट मोठी, असे उलटे प्रमाण दिसते ते याच कारणाने. आणखी तीन खुणा मी पाहतो. गाठ मेंदूच्या बाहेरच्या पातळ आवरणाला टेकलेली आहे का, पिशवीची उरलेली भिंत कॉन्ट्रास्टनंतरही उजळत नाही ना, आणि गाठीच्या जवळ काळ्या नागमोडी रेषा दिसतात का, या त्या खुणा होत. जोरात वाहणारे रक्त एमआरआयमध्ये काळे दिसते, म्हणून त्या रेषा म्हणजे गाठीला रक्त पुरवणाऱ्या आणि तिच्यातून रक्त परत नेणाऱ्या फुगलेल्या वाहिन्या असतात. आपल्या भावाच्या फिल्ममध्ये पहिल्या दोन खुणा स्पष्ट आहेत आणि तिसरी एका छेदात दिसते. भिंत उजळत नाही याचा अर्थ ती गाठीची नसून दाबल्या गेलेल्या निरोगी मेंदूची आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेत ती कापून काढावी लागत नाही.

टीबी आणि जंत यांची नावे घेणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. आपल्या भागात मेंदूत गाठ दिसली की हे दोन आजार आधी आठवावेत अशीच परिस्थिती आहे, आणि दोन्ही औषधांनी बरे होणारे आहेत. परंतु दोन्हींचे चित्र वेगळे असते. टीबीची गाठ बहुधा कडेने कड्यासारखी उजळते, अनेकदा दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून असतात, भोवती सूज बरीच असते, आणि ताप, वजन घटणे किंवा छातीच्या एक्स-रेमधील डाग अशी साथ मिळू शकते. जंताची पिशवी सहसा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असते, तिच्या आत दिसणारा ठिपका म्हणजे जंताचे डोके आणि ते जेमतेम दोन-चार मिलिमीटरचे असते. ती बहुतेक वेळा मोठ्या मेंदूत होते, म्हणून रुग्ण झटका येऊन दाखल होतो. लहान मेंदूतील आजारात तोल जातो, झटका सहसा येत नाही. येथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो मी दर महिन्याला ऐकतो. “आम्ही माळकरी आहोत, घरात मांस शिजत नाही, मग जंत कुठून?” असे नातेवाईक विचारतात. मेंदूतील जंताची अंडी मांसातून येत नाहीत. जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी आणि न धुतलेला भाजीपाला यांतून ती पोटात जातात, त्यामुळे माळ हा जंत नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. आपल्या भावाच्या बाबतीत जंताचा विचार मागे पडतो तो पिशवीचा आकार, गाठीची जागा आणि तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या यांमुळे.

खरी स्पर्धा दोन वेगळ्या आजारांशी आहे. पहिला पायलोसिटिक अॅस्ट्रोसायटोमा, म्हणजे मेंदूच्याच पेशींची सावकाश वाढणारी गाठ. त्याचेही चित्र पिशवी आणि गाठ असेच असते, पण तो प्रामुख्याने मुलांचा आणि किशोरवयीनांचा आजार आहे, आणि रक्ताचा भार मोजणाऱ्या परफ्यूजन एमआरआयमध्ये त्यातील रक्तप्रवाह कमी दिसतो. हिमॅन्जिओब्लास्टोमात तो ठळकपणे वाढलेला असतो. दुसरा आजार म्हणजे शरीरातील दुसऱ्या कर्करोगाची मेंदूत आलेली गाठ. प्रौढ माणसाच्या लहान मेंदूत गाठ दिसली तर सर्वाधिक शक्यता हीच असते, म्हणून छाती आणि पोट तपासल्याशिवाय कोणतेही नाव निश्चित करू नये. किडनीचा कर्करोग तर हिमॅन्जिओब्लास्टोमाची हुबेहूब नक्कल करतो, फिल्मवरही आणि सूक्ष्मदर्शकाखालीही. ज्या घरात किडनीची गाठ झालेली आहे तिथे ही शंका दुप्पट जपून तपासावी लागते.

आता तुकड्याचा प्रश्न. अशा चित्रात सुईने तुकडा काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाठ जवळजवळ सगळी रक्तवाहिन्यांची आहे. सुईने तिला छिद्र पडले तर मागच्या कवटीच्या अरुंद जागेत रक्तस्राव होतो, आणि तिथे चमचाभर रक्तही ब्रेनस्टेमवर (श्वास आणि हृदय चालवणाऱ्या मेंदूच्या देठावर) दाब आणायला पुरेसे असते. शिवाय ही गाठ तुकड्या-तुकड्याने काढायचीच नसते. शस्त्रक्रियेत गाठीच्या भोवतीने फिरून आधी तिच्याकडे येणाऱ्या धमन्या बंद करतात, रक्त परत नेणारी शीर सर्वांत शेवटी बंद करतात आणि गाठ अखंड बाहेर काढतात. शीर आधी बंद झाली तर गाठ रक्ताने टरारून फुगते. त्याचप्रमाणे, तपासणीसाठी म्हणून कुणी पाठीतून पाणी काढायला सुचवले तर नकार द्या. मागच्या भागात दाब वाढलेला असताना खालून पाणी काढले तर लहान मेंदूचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रात उतरून श्वास थांबू शकतो. भाऊ झोपाळल्यासारखा वाटू लागला, हाका मारूनही नीट ओ देईना, सारख्या उलट्या सुरू झाल्या किंवा दिसणे अंधुक झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. मेंदूत पाणी साचल्याची ती लक्षणे आहेत आणि त्याच रात्री निघावे लागेल.

यापुढचा भाग मी माझ्या चुकीतून शिकलो, म्हणून सविस्तर लिहितो. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी बीडकडची, ऊसतोडीला जाणारी २८ वर्षांची एक बाई माझ्याकडे आली. तिच्या लहान मेंदूतील गाठ मी पूर्ण काढली, आठव्या दिवशी ती चालत घरी गेली आणि मला समाधान वाटले. मी तिच्या मज्जारज्जूचा एमआरआय केला नाही आणि घरात कुणाला काय झाले हे विचारले नाही. दोन वर्षांनी ती परत आली तेव्हा उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे जुने-नवे डाग होते. तव्यावरची भाकरी उलटताना बोटे भाजत आणि तिला ते कळतच नसे, मांस करपल्याचा वास आल्यावर ती हात काढून घेत असे. मधल्या काळात दुसरीकडे तिचा मानेचा एमआरआय झाला होता, पण कॉन्ट्रास्टशिवाय. त्यात मज्जारज्जूच्या आत लांबलचक पाण्याची पोकळी दिसली होती आणि रिपोर्टमध्ये ‘सिरिंगोमायलिया’ एवढेच लिहिले होते. आम्ही कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा एमआरआय केला, तेव्हा मज्जारज्जूच्या मागच्या पृष्ठभागावर तुरीच्या दाण्याएवढी गाठ लखलखीत उजळली. ती गाठ बहुधा पहिल्या वेळीही तिथे होती. शस्त्रक्रिया झाली, हाताची ताकद टिकली, पण गरम-गार ओळखण्याची संवेदना पूर्ण परत आली नाही. तेव्हापासून लहान मेंदूत अशी गाठ दिसली की मी मानेपासून कमरेपर्यंतच्या संपूर्ण मज्जारज्जूचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय झाल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देत नाही. आपल्या भावाच्या कागदांत तो नाही. तो हवा आहे. कॉन्ट्रास्टपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा घटक) तपासून घ्या. वडिलांची हकीकत पाहता किडनीची स्थिती तशीही कळायला हवी.

वडील, आत्या आणि भाऊ यांना जोडणारा आनुवंशिक आजार असू शकतो व्हॉन हिपेल-लिंडाऊ, म्हणजे व्हीएचएल. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिपेल यांनी १९०४ मध्ये डोळ्याच्या पडद्यावरील अशा गाठींचे वर्णन केले. स्वीडनचे विकृतिशास्त्रज्ञ आर्विड लिंडाऊ यांनी १९२६ मध्ये डोळा, लहान मेंदू आणि पोटातील अवयव यांचा संबंध जोडून दाखवला. १९२८ मध्ये अमेरिकेतील मेंदूचे शल्यविशारद कुशिंग आणि बेली यांनी हिमॅन्जिओब्लास्टोमा हे नाव रूढ केले. १९९३ मध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरील जनुक सापडले. पेशीला ऑक्सिजन कमी पडला की नव्या रक्तवाहिन्या आणि तांबड्या पेशी तयार करण्याचा आदेश देणारे एक प्रथिन सक्रिय होते, आणि ऑक्सिजन पुरेसा असताना ते मोडून टाकणे हे या जनुकाचे काम असते. जनुक बिघडले की ऑक्सिजन मुबलक असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि रक्तवाहिन्या वाढवत राहते. ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. याच कारणाने काही रुग्णांत हिमोग्लोबिन वाढलेले आढळते. आपल्याकडे रक्त कमी असणे इतके सर्रास आहे की ऊन्हातान्हात राबणाऱ्या माणसाचे हिमोग्लोबिन १८-१९ आले तर “रक्त चांगले आहे” म्हणून सगळे खूश होतात. डोकेदुखी आणि तोल जाण्याच्या तक्रारीसोबत असा आकडा आला तर तो निदानाचा धागा समजावा. भावाच्या रिपोर्टमध्ये तो १७.८ आहे, त्यावर कुणी खूण केलेली नाही.

हिमॅन्जिओब्लास्टोमाच्या साधारण चार रुग्णांपैकी एकात व्हीएचएल आढळते, उरलेल्यांत गाठ एकटीच असते. घरात हा आजार निश्चित असेल तर रुग्णातील अशी एक गाठही निदानाला पुरते. घरात नसेल तर दोन हिमॅन्जिओब्लास्टोमा, किंवा एक हिमॅन्जिओब्लास्टोमा आणि किडनी, अॅड्रिनल (किडनीवरील ग्रंथी) अथवा स्वादुपिंडातील ठरावीक विकृती लागते. म्हणून भावाच्या पोटाचा एमआरआय किंवा कॉन्ट्रास्ट सीटी आणि बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी आवश्यक आहे. अॅड्रिनल ग्रंथीची तपासणी तर शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी. या आजारात तिथे फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होऊ शकते आणि ती शांत बसलेली असली तरी भूल देताना रक्तदाब प्राणघातक पातळीवर नेते. रक्तातील किंवा २४ तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन्स (या गाठीच्या संप्रेरकांपासून बनणारे घटक) मोजली की तिचा अंदाज येतो. मधूनच छातीत धडधड, दरदरून घाम आणि डोकेदुखी, असे भावाला होते का, हेही विचारून ठेवा.

आपण ‘अशाच इतर गाठींबद्दल’ विचारले आहे, ते थोडक्यात सांगतो. ‘हिमॅन्जिओमा’ आणि ‘हिमॅन्जिओब्लास्टोमा’ या नावांत गल्लत करू नका. मणक्याच्या हाडातील हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा साधा पुंजका, दहांतील एका माणसात सापडतो, बहुतेकदा आयुष्यभर त्रास देत नाही, आणि कंबरदुखीच्या रिपोर्टमधील त्या शब्दाने घाबरून लोक लातूर-नांदेडहून माझ्याकडे येतात. फार क्वचित तो वाढून मज्जारज्जू दाबतो, तेव्हाच उपचार लागतात. कॅव्हर्नोमा ही खरे तर गाठ नसून सदोष रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो. एमआरआयमध्ये तो मक्याच्या लाहीसारखा दिसतो, भोवती जुन्या रक्ताचा काळा काठ असतो, आणि अँजिओग्राफीत तो दिसतच नाही. मेंदूच्या आवरणाला लागून असलेली गाठ कधीकधी मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाचीच, बहुधा सौम्य गाठ) समजून काढली जाते आणि ती निघते सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. जुन्या कागदांवर त्याचे नाव हिमॅन्जिओपेरिसायटोमा असते, २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने ते वगळले. स्टॅट-६ नावाच्या प्रथिनाचे रंजन (रंग देऊन केलेली तपासणी) पेशीच्या केंद्रकात उमटले की त्याची ओळख पटते. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण तो दहा-पंधरा वर्षांनीही फुफ्फुसात किंवा हाडात उगवू शकतो आणि रुग्णाला तितकी वर्षे तपासत राहावे लागते.

एका आजाराबद्दल मात्र थोडे जास्त लिहिणे भाग आहे, कारण तो गाठ नसूनही गाठीसारखा दिसतो आणि त्यात दिवस वाया जाणे महागात पडते. पन्नाशीपुढचा पुरुष, चालले की पाय जड होतात, बसले की बरे वाटते, पुढे लघवी अडू लागते. एमआरआयमध्ये मज्जारज्जू सुजलेला आणि त्याच्या मागे काळ्या नागमोडी रेषा. ही मज्जारज्जूच्या आवरणातील फिस्टुला असू शकते, म्हणजे धमनीचे रक्त थेट शिरेत शिरून मज्जारज्जूतील रक्ताचा निचरा तुंबलेला असतो. अशा रुग्णाला मज्जारज्जूची सूज म्हणून स्टेरॉइड दिल्यावर पाय एका दिवसात गळाल्याचे मी पाहिले आहे. येथे मज्जारज्जूची अँजिओग्राफी लागतेच. आपल्या भावासारख्या लहान गाठीत ती प्रत्येकाला लागत नाही. मोठ्या, भरीव गाठीतच मी ती सांगतो.

अंतिम नाव देणार ते काढलेल्या गाठीची तपासणी. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात चरबीच्या थेंबांनी भरलेल्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशी आढळतात. किडनीच्या कर्करोगाच्या पेशीही तशाच निवळ दिसतात, म्हणून केवळ साध्या रंजनावर थांबू नये. विशेष रंजनात इनहिबिन हे प्रथिन उमटले आणि पॅक्स-८ व सीडी-१० ही प्रथिने उमटली नाहीत तर हिमॅन्जिओब्लास्टोमा, उलट असेल तर किडनी. व्हीएचएलच्या रुग्णात हिमॅन्जिओब्लास्टोमाच्याच आत किडनीचा कर्करोग येऊन बसल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, त्यामुळे गाठ संपूर्ण तपासावी. हे सर्व पॅथॉलॉजिस्टने करावे यासाठी त्यांना पाठवलेल्या फॉर्मवर “वडिलांना किडनीची गाठ, आत्याच्या डोळ्यास आजार” ही ओळ लिहिलेली असायला हवी. वडिलांच्या शस्त्रक्रियेची बायोप्सी झाली असेल तर तो कागद घरच्या ट्रंकेत शोधा. कागद नसला तरी मेणातील ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, त्या रुग्णालयात असू शकतो.

त्यानंतर भावाच्या रक्तातून जनुकाची तपासणी करावी. नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवता येतो, आणि जनुकाचा मोठा तुकडा गळालेला आहे का हेही पाहायला सांगावे, कारण साध्या क्रमवाचनात तो निसटतो. भावात नेमका बिघाड सापडला तर घरातील इतरांची तपासणी सोपी होते. ज्याच्यात तो नाही त्याला पुढे काहीच करावे लागत नाही. ज्याच्यात आहे त्याच्यासाठी वेळापत्रक ठरलेले आहे. डोळे बाळपणापासून दरवर्षी, मेंदू आणि मज्जारज्जूचा एमआरआय साधारण अकराव्या वर्षापासून आणि पोटाचा पंधराव्या वर्षापासून, दोन्ही दर दोन वर्षांनी. ज्या गाठींना लगेच शस्त्रक्रिया लागत नाही अशांसाठी बेल्झुटिफान या गोळीला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली आहे, पण भावाच्या या गाठीला, दाबाची लक्षणे असताना, ती पर्याय नाही.

भावाचे लग्न मामाच्या मुलीशी झाले आहे आणि घरात त्याबद्दल आता सुनेला बोल लावले जात आहेत, असे आपण लिहिले आहे. हे ताबडतोब थांबवा. व्हीएचएलमध्ये आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेले एकच सदोष जनुक पुरेसे असते. असलेच तर ते आपल्या वडिलांच्या बाजूने आले आहे, मामाच्या घराचा त्याच्याशी संबंध नाही. नात्यातल्या लग्नाऐवजी परक्या घरात लग्न झाले असते तरी प्रत्येक अपत्याला धोका तेवढाच, म्हणजे निम्मा राहिला असता. हीच गोष्ट आपल्यालाही लागू आहे, गुरुजी. आपणही त्याच वडिलांचे पुत्र आहात, तेव्हा आपले डोळे आणि पोट तपासायचे आहे.

येताना आजोबांपासूनची माणसे एका कागदावर लिहून आणा. कोण कोणत्या वयात कशाने गेले, कुणाची दृष्टी गेली, कुणाला अचानक बहिरेपणा आला, कोण डोक्याच्या ऑपरेशननंतर वारले, हे चुलत्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारूनच कळेल. एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही सोबत असू द्या, नुसता रिपोर्ट नको. भावाच्या सहा वर्षांच्या मुलीलाही घेऊन या. तिच्या डोळ्यांत थेंब टाकल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही, म्हणून तिच्यासाठी एक टोपी ठेवा आणि शाळेची परीक्षा नसेल असा दिवस निवडा.